डॉक्टर मॅडम, तुम्ही आधी विचारलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली साडेचार मी दुखणं लपवण्यात काढली. नवरा जवळ आला की खाली मिरची लागल्यासारखी आग व्हायची. पुढे तर कापूस वेचणीला जाताना ट्रॉलीत बसवेना. सासूबाई म्हणत, "एक लेकरू झालं का होते सारं बरं." एका दवाखान्यात न तपासताच चारदा बुरशीचं औषध दिलं, दुसरीकडे म्हणाले, मनातली भीती आहे. मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

आशाताई मला तुमच्याकडे घेऊन आल्या. तुम्ही दार लावलंत आणि म्हणालात, "हात लावू का? नको म्हणालीस तर तिथंच थांबते." इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही.

मग काडीवरचा कापसाचा ओला बोळा योनीच्या तोंडाभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखा एकेका जागी टेकवलात. बाराच्या जागी काहीच नाही. पाच आणि सातच्या जागी मी किंचाळले. आमच्या घरात खोलीभर कापूस, आणि त्याचा एवढासा बोळा सुरीसारखा लागावा!

आरशात मला ना जखम दिसली, ना पुरळ. तुम्ही नाव सांगितलंत, व्हल्व्होडायनिया: तीन महिन्यांहून जास्त टिकणारं, दुसरं कारण न सापडणारं दुखणं. तिथल्या नसा हळव्या झाल्यात, दुखेल या धास्तीनं स्नायू आवळतात आणि आणखी दुखतं. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर रडले. दुखणं खरं होतं.

साबण बंद, साधं पाणी, सुती कपडे, बधिर करणारं लिडोकेनचं मलम. रात्रीची अमिट्रिप्टिलिन उदासीवरची म्हणून ओळखली जाते, पण कमी डोसात नसांच्या दुखण्यावरही देतात, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. म्हणून मेडिकलवाल्यानं वर पाहिलं तरी मी बिचकले नाही. नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी श्वासाबरोबर खालचे स्नायू सैल सोडायला शिकवलं. ह्यांना समोर बसवून तुम्ही म्हणालात, "दुखत असेल तेव्हा थांबायचं." ते मान खाली घालून ऐकत होते. तेव्हापासून तेही आधी विचारतात.

सगळं गेलेलं नाही. पाळीच्या आधी अजून चुणचुणतं. पण परवा नागपूरहून यवतमाळपर्यंत एसटीत एकदाही न उठता बसून आले.

गल्लीतली एक सून मला हळूच विचारत होती. मंगळवारी तिला घेऊन येते. ती लवकर बोलणार नाही, तिला जरा वेळ द्याल ना?

तुमची,
यवतमाळ जिल्ह्यातली एक पेशंट