घराच्या फोटोबरोबर नकाशाही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली दर आठवड्याला एक 'आधुनिक घर' छापून येतं. घर इंदूरचंच असतं. कधी बायपासजवळच्या टाउनशिपमधलं, कधी सुपर कॉरिडॉरकडचं, तर कधी जुनं घर पाडून रामबागेतच नव्याने उभं केलेलं. फोटो सुंदर असतात. मजकुरात 'जपांडी', 'स्कँडिनेव्हियन', 'इंडस्ट्रियल', 'मिनिमल' यांपैकी एका सजावटशैलीचं नाव असतं, रंगाचं नि लाकडाचं वर्णन असतं आणि मालकांचं समाधान असतं. नसतो तो फक्त नकाशा. मी सरकारी खात्यात मानचित्रकार, म्हणजे ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर ट्रेसिंग पेपरवर घरं, दवाखाने, शाळा काढल्या. त्यामुळे हे माझ्या डोळ्यांत खुपत असेल, पण पुरवणी वाचून घर बांधायला निघणाऱ्यांचं यात नुकसान होतंय, म्हणून लिहिते.

अलीकडच्याच एका अंकातला दिवाणखान्याचा फोटो घ्या. दोन मजले उंच छत, समोर काळ्या फ्रेममधली अखंड काच, राखाडी सोफा, टीव्हीमागे फ्लुटेड पॅनल, कोपऱ्यात पॅम्पस गवताचे तुरे. मी भिंगातून पाहिलं. पंखा नाही. स्विचबोर्ड नाही, कूलर ठेवायला जागा नाही, पडदाही नाही. पंखा फोटोत वाईट दिसतो हे मला समजतं, पण इंदूरच्या मे महिन्यात त्या सोफ्यावर कोणी बसत असेल तर ते एसीच्या भरवशावरच. दोन मजले उंच खोलीत गरम हवा वर जाते आणि वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोल्यांच्या दाराशी साचते. खाली एसी लावून वरच्या खोल्या गारही होत नाहीत आणि बिल मात्र दोन्ही मजल्यांचं येतं. ती काच कोणत्या दिशेला आहे, एवढं जरी छापलं असतं, तरी वाचकाला निम्मं घर कळलं असतं.

दिशा म्हणजे वास्तुशास्त्र नव्हे, साधं ऊन. आपलं शहर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्याचं काम भागतं आणि थंडीत सूर्य खाली उतरला की ऊनही आत येतं. पश्चिमेचं तसं नाही. चारनंतर ऊन आडवं होऊन थेट आत शिरतं, तिथे छज्जा कितीही लांब काढा, उपयोग नाही. तिथे उभ्या पट्ट्या लागतात, जाळी लागते, नाहीतर भिंतच बरी. त्यातून आपल्याकडे उन्हाळ्यात वाराही पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे खिडकी हवीही आणि नकोही. यातून मार्ग काढणं हेच खरं आर्किटेक्टचं कसब आणि ते फोटोत दिसत नाही, नकाशात दिसतं.

स्कँडिनेव्हियन घरांच्या पांढऱ्या भिंती आणि मोठाल्या काचा कुठून आल्या? स्वीडन, डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात दिवस काही तासांचाच असतो, म्हणून मिळेल तो उजेड आत घ्यायची त्यांना घाई. आपल्याला त्याच सूर्यापासून सात-आठ महिने घर वाचवायचंय. पांढरा रंग खुशाल घ्या, काच मोजून घ्या. 'इंडस्ट्रियल' घरांबद्दल तर काय बोलावं! उघड्या विटा, छतावरून जाणारे काळे पाइप, लोखंडी जिना. ज्या शहरात हुकुमचंद मिल ही कापडगिरणी 1991 साली बंद पडली आणि कामगारांनी थकबाकीसाठी तीस वर्षं वाट पाहिली, त्या शहरात आता गिरणीसारखी दिसणारी बैठक करायला लोक पैसे मोजतात. असो.

इंदूरला 'मॉडर्न' घर काही नवं नाही. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930च्या सुमारास माणिकबाग महाल बांधायला घेतला, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते आणि त्यांनी बोलावलेला जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियस सव्वीस वर्षांचा. कमानी नाहीत, नक्षी नाही, सरळ रेषांचा पांढरा महाल. रुलमान, आयलीन ग्रे, ल कोर्ब्युझिए अशा नामवंत डिझाइनरांचं फर्निचर युरोपातून आलं. आज पुरवणीत 'लेटेस्ट' म्हणून छापलेल्या खुर्च्यांची मूळ कुळं त्या घरात नव्वद वर्षांपूर्वी मांडलेली होती. पण त्या महालात त्या काळी वातानुकूलनाची यंत्रणा बसवलेली होती आणि तिच्यामागे होळकरांचा खजिना होता, हे विसरून चालत नाही. पुढे 1980 साली मोनॅकोत सोथबीजच्या लिलावात ते फर्निचर विकलं गेलं. इमारतीत करखात्याचं कार्यालय आलं. खुर्च्या-टेबलं जगभरच्या संग्रहांत विखुरली, भिंती मात्र माणिकबागेतच राहिल्या आणि कचेरीच्या कामालाही लागल्या. सजावट दहा-वीस वर्षांत कोणीही बदलू शकतं, मांडणी आणि दिशा बदलायची तर घर पाडावं लागतं. आपली पुरवणी नेमकी जी गोष्ट बदलता येते तिच्यावर चार पानं खर्च करते.

दुसरं उदाहरणही इंदूरचंच. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी 1980च्या दशकात आखलेली अरण्य वसाहत. त्यांना 2018 साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी मोठमोठे फोटो छापले, अरण्यला मात्र 1995 सालीच आगाखान पुरस्कार मिळून गेला होता. साडेसहा हजारांच्या आसपास घरांची ती योजना. सर्वांत गरीब कुटुंबाला 35 चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं आणि संडास-न्हाणीचा तयार गाभा मिळायचा. बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. कसं वाढवता येईल हे दाखवायला नमुन्याची 80 घरं बांधली. रस्त्याकडे ओटला, बाहेरून वर जाणारा जिना, पुढे कधीतरी वर चढेल अशी खोली. त्यात कुठलीही 'स्टाइल' दिलेली नव्हती. रंग, कठडा, दाराची चौकट ज्याची त्याने ठरवावी. आज तिथे फिरताना मूळ घरं शोधावी लागतात, काहींवर टाइल्सचा मारा झालाय, काहींचे ओटले आत घेतलेत. माझ्या मते हे त्या आराखड्याचं अपयश नाही. लोकांनी घर वाढवावं म्हणूनच तो काढला होता.

आपल्याकडच्या मध्यमवर्गाचं घर मात्र ना माणिकबाग, ना अरण्य. ते असतं वीस बाय पन्नासच्या हजार फुटी प्लॉटवर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड आणि वारा फक्त पुढून-मागून. मधल्या खोल्या आंधळ्या होऊ नयेत म्हणून मध्यावर ओटीएस ('ओपन टू स्काय') ठेवतात, पाच बाय सहाची उभी पोकळी. जुन्या वाड्यातल्या चौकाचं एवढंच उरलंय. माझ्या भाचीच्या घरी पहिल्या पावसाळ्यात त्यातून पाणी आलं, मग कबुतरं आली, मग वर फायबरची शीट बसली आणि खाली वॉशिंग मशीन. आता दोन्ही मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच बंद पोकळीत उघडतात आणि मधल्या खोलीत दिवसाही ट्यूब जळते. पुरवणीतल्या एका घरात हीच जागा 'कोर्टयार्ड' म्हणून आली होती, खाली पांढरे गोटे, मध्ये बुद्ध, बाजूला बांबू. वर काय होतं, उघडं आकाश की शीट, ते फोटोत मावलं नव्हतं. छेद, म्हणजे घर उभं कापल्यासारखं दाखवणारं चित्र, छापला असता तर मावलं असतं.

खिडक्यांचंही तसंच. अल्युमिनियमची दोन रुळांची सरकती खिडकी सहा फुटांची दिसली तरी उघडते तीनच फूट, कारण एक पल्ला दुसऱ्यामागेच जातो. माळव्याच्या रात्री अजूनही गार होतात. त्या गारव्याने स्लॅबमधली दिवसभराची उष्णता निघून जायला हवी असेल तर पूर्ण उघडणारी खिडकी आणि समोरासमोर वाट लागते. गच्चीवर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केलं तर वरच्या खोल्यांत जो फरक पडतो, तो कुठल्याही पीओपीच्या छताने पडत नाही. उलट दहा फुटांच्या खोलीत पाऊण फूट फॉल्स सीलिंग घालून पंखा खाली आणतात आणि त्या खाचेत एलईडीच्या पट्ट्यांबरोबर धूळ साठते. ती पुसायला कोण चढतं, हे मुलाखतीत विचारून पाहा.

याचा अर्थ मला जुनं घर परत हवंय असा मुळीच नाही. माजघरातल्या अंधारात आणि चुलीच्या धुरात बायकांची आयुष्यं गेलेली मी पाहिली आहेत. ओपन किचनने स्वयंपाक करणारी बाई बैठकीतल्या गप्पांत आली, ही मोठीच गोष्ट आहे. फक्त ते किचन आपल्या फोडणीचं असावं. क्वार्ट्झच्या ओट्यात रेझिन असतं, त्यावर गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो. काळा ग्रॅनाइट तेच निमूट सोसतो, पण तो फोटोत 'डेटेड' दिसतो म्हणे. आणि देवघर! सीएनसीने कापलेला पांढरा ॐ, मागे निळसर दिवा, वर प्लायचं छत. तिथे समई पेटवून दाखवा. गौरी बसवायला भिंत कुठली, याचं उत्तर तर पुरवणीतल्या एकाही घरात सापडलं नाही.

नव्या पिढीच्या आर्किटेक्टना हे सगळं कळतं. इंदूरमध्ये विटांच्या जाळ्या, खोल गॅलऱ्या, मागे सरकवलेल्या खिडक्या करणारे तरुण आहेत. पण त्यांची घरं फोटोत साधी दिसतात, त्यामुळे पानावर येत नाहीत. मग गिऱ्हाईक पुरवणीचं कात्रण घेऊन त्यांच्याकडे जातं आणि म्हणतं, 'एलिवेशन (दर्शनी भाग) असं पाहिजे.'

म्हणून माझी विनंती थोडक्यात अशी. प्रत्येक घराबरोबर तळमजल्याचा आणि वरचा नकाशा छापा, उत्तरेचा बाण काढा, प्लॉटचं माप द्या, जमल्यास एक छेद द्या. फोटो कोणत्या महिन्यात काढला ते लिहा. त्याच घरी एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर पुन्हा जा, घरातल्या बाईला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मे महिन्याचं विजेचं बिल मालकांची हरकत नसेल तर छापा. जागा कमी पडत असेल तर सोफ्याचा एक फोटो गाळावा.

नकाशा छापताना स्केल मात्र जरूर द्यावं. कोपऱ्यात 'प्रमाणात नाही' असं टाकून मोकळं होऊ नये, नाहीतर वाचकाला त्यावर पट्टी ठेवून काहीच मोजता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त मानचित्रकार
लोकमान्य नगर, इंदूर