डॉट गोवाचं पत्र कोणाला देणार, साहेब?

मा. मंत्रीसाहेब, स.न.वि.वि.

खोट्या बुकिंग साइट सीझनआधी बंद होणार, असं एका कार्यक्रमात स्टेजवरून ऐकलं आणि टाळ्यापण वाजवल्या. सीझन गेला. आमच्या नावाची खोटी साइट अजून चालूच आहे, फक्त तिच्यावरचे रेट वाढलेत.

पेडण्यात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. साइट डॉट इनवर. कुणीतरी तेच नाव दुसऱ्या शेपटीचं, म्हणजे डॉटनंतर दुसरंच काही असलेलं, विकत घेतलं, फोटो आमचेच, सासूबाई बाल्कांवात बसून भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडतायत तोसुद्धा. नाताळात रात्री साडेअकराला नागपूरचं एक कुटुंब गेटवर, पोरं खांद्यावर झोपलेली, मोबाइलवर यूपीआयची पावती. खोल्या सगळ्या फुल. तो माणूस मला चोर म्हणाला, अख्ख्या वाड्यानं ऐकलं, आणि शेवटी हॉलमध्ये गाद्या मीच घातल्या. वर एक स्टारचा रिव्ह्यू.

तक्रार द्यायला गेले तर म्हणे साइट भारताबाहेरची. नाव विकणाऱ्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, हे फिशिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड वगैरे चोरण्याच्या फसवणुकीत, बसत नाही, साइट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंगवाल्याला विचारा. मग मीच वाचायला बसले. जगातल्या डॉट कॉमसारख्या शेपट्या आयकॅन नावाची अमेरिकेतली संस्था करार करून देते. ५ एप्रिल २०२४ पासून त्या करारात दुरुस्ती आहे, फिशिंग, मालवेअर वगैरेची पुराव्यासकट तक्रार आली तर कंपनीनं हालचाल करायलाच हवी. पण खोटा होमस्टे दाखवून पैसे उकळणं यात येतं की नाही, यावर ते हात झटकायला मोकळे. करारात लिहिलं नाही म्हणजे गुन्हाच झाला नाही, असा हा कारभार.

आता तुमचं काम सांगते. आयकॅन नव्या शेपट्यांसाठी फेऱ्यांनी अर्ज मागवते. २०१२ च्या फेरीत १,९३० अर्ज आले होते, डॉट बर्लिन, डॉट लंडन, डॉट पॅरिस त्यातूनच आले. नव्या फेरीच्या अर्जांची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६, फी २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे दोन कोटींच्या आसपास. ही माझ्यासारखीची गंमत नाही, ज्याची ऐपत तोच येणार. या फेरीत नाही तर पुढच्या. पण राज्याचं नाव मागायचं तर सरकारचं पाठिंब्याचं किंवा हरकत नसल्याचं पत्र लागतं. म्हणजे डॉट गोवा कुणी मागितलंच तर चावी सरकारकडे, आणि कृपा करून दिल्लीकडे बोट दाखवू नका, मागच्या वेळी डॉट राम एका अमेरिकन मोटार कंपनीनं मागितलं तेव्हा दिल्लीनं आपलं काम केलं, हरकत घेतलीच होती. डॉट पॅटागोनियाला, तो प्रदेश ज्यांचा ते अर्जेंटिना आणि चिले आडवे आले तेव्हा त्याच नावाच्या कपड्यांच्या कंपनीनं अर्ज मागे घेतला. लोक भांडतात हो आपल्या नावासाठी.

पत्र द्यायचंच असेल तर अटी घालून द्या. गावांची, देवळांची, चर्चची नावं राखीव. खोटं बुकिंग सिद्ध झालं की दोन दिवसांत नाव बंद. फोन उचलणारा माणूस पणजीत. सरकारशी वाद झाला तर इथल्या कोर्टाचा हुकूम आयकॅन मानते असं त्यांच्याच नियमात आहे, पण कोर्टात दाखवायला पत्रात काहीतरी लिहिलेलं असायला हवं ना! कोऱ्या पत्रावर सही करून मोकळे झालात तर पुढची दहा वर्षं बोंबलत बसायचं, करार तेवढ्याचा असतो.

आणि सही कशी होते ते आम्ही बघतोच. नगरनियोजन कायद्याचं १७(२) कलम आठवतंय ना? त्याखाली शेताचा झोन, म्हणजे जमिनीचा ठरवलेला वापर, कधी बदलला ते शेजाऱ्याला जेसीबी आल्यावर कळायचं. उद्या नावाचाही झोन असाच बदलणार. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरच्या १९६७ च्या ओपिनियन पोलमध्ये आमचे आजोबा फुलावर, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूनं, आजी दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहण्याच्या, महिनाभर घरात अबोला. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आजोबा हरले तरी ते सगळं उघड्यावर, मत देऊन झालं. आता एवढ्याशा राज्यात कुठली फाइल कुठल्या टेबलावर आहे ते आमदारालाही विचारून कळत नाही, दिल्लीतल्या बिल्डरला मात्र आधी कळतं.

अटींचा मसुदा सहीच्या आधी लोकांसमोर ठेवा, ग्रामसभेत वाचा. उत्तर कोकणीत दिलंत तरी चालेल, मराठीत दिलंत तरी चालेल, फक्त ‘युअर मॅटर इज अंडर कन्सिडरेशन’ नको, ती कागदं माझ्याकडे फाइलभर आहेत.

पेडण्याची एक होमस्टेवाली