लाज कोणी लावली, तेवढं तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'श्यामची आई'वरचा लेख वाचला आणि दिवसभर डोक्यातून जाईना. पुस्तक रडवं आहे, या मतावर मी वाद घालणार नाही. संस्कारांच्या नावाखाली शाळांनी ते इतकं गळी उतरवलं की पोरं कंटाळली तर नवल नाही. पण त्यात 'गरिबीचं उदात्तीकरण' आहे, हा लेखातला आरोप? लेखकांनी 'अब्रूचे धिंडवडे' हे प्रकरण वाचलंय का?

कर्जापायी श्यामच्या घराच्या जप्तीची दवंडी गावात पिटली जाते. आईचे हाल सगळ्यांना आठवतात, मला आठवतो तो श्यामचा धाकटा भाऊ पुरुषोत्तम. शाळेत पोरं ढोलाची नक्कल करत त्याला चिडवतात. तो रडतो, घरी जाऊ का म्हणून विचारतो, तर मास्तर त्याला खाली बसवतात. घरी आल्यावर तो आईला विचारतो, मुलं मला का हसतात? कर्ज वडिलांचं, तगादा सावकाराचा, आणि भोगायचं वर्गातल्या एवढ्याशा पोरानं. यात उदात्त काय आहे? साने गुरुजींची आई गेली १९१७ साली, पुस्तक आलं १९३५ साली. १८ वर्षांनीही ती पोरं गुरुजींच्या मनातून गेली नव्हती.

माझ्याही गेलेली नाहीत. १९७४ साली मी आठवीत होतो. फी माफीसाठी ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीचा फॉर्म भरावा लागे. वर्गशिक्षक तास थांबवून नावं वाचायचे आणि 'ईबीसीवाले' उभे राहायचे. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास खोकायचं. त्या वर्षी मी उभा राहिलो नाही. उत्पन्नाचा दाखला चार घड्या करून कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली दडवला आणि फॉर्म हरवला म्हणून सांगितलं. त्या दाखल्यासाठी वडिलांनी दोन दिवसांचा रोज बुडवला होता. शाई पुसट उमटली म्हणून साहेबांकडून शिक्का पुन्हा मारून घेतला होता. फी त्यांनी उसनवारी करून भरली. दाखल्याचं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आता ते नाहीत.

म्हणून लेखकांना माझं एवढंच म्हणणं आहे की गरिबीची लाज पोर पोटातून घेऊन येत नाही. कोणीतरी नाव वाचतं, कोणीतरी मागून खोकतं, तेव्हा ती लागते. तेराव्या वर्षापर्यंत मी गरीब आहे हे मला ठाऊक होतं. मी 'ईबीसीवाला' आहे हे वर्गात कळलं.

आणि विषय निघालाच आहे तर आपल्या वृत्तपत्राबद्दलही बोलतो. दहावीचा निकाल लागला की तुमच्याकडे मथळे येतात, 'रिक्षाचालकाच्या मुलीची भरारी', 'धुणीभांडी करणाऱ्या आईच्या लेकानं मिळवले ९४ टक्के'. हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण डॉक्टरांच्या मुलाच्या मथळ्यात बापाचा धंदा कधी छापलात? गेल्या निकालाला एका मुलीचा फोटो पत्र्याच्या खोलीत, भांड्यांच्या मांडणीसमोर उभी करून काढला होता. ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजचा फॉर्म आणायला जायचं असेल, त्याच पोरांमध्ये. फोटो कुठे काढायचा, मथळ्यात काय घालायचं, हे पुढच्या वेळी आधी त्या मुलीला विचारा. ती नको म्हणाली तर नुसतं नाव आणि टक्के छापा.

आपला,
एक जुना वाचक