आधी ईमेल, मग बाकीचं

सांगली

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

अँटिव्हायरसने काहीतरी पकडलं, आता ऑफिसातल्या त्याच कॉम्प्युटरवर बसून सगळे पासवर्ड बदलते, म्हणालीस. तसं करू नकोस. आत अजून काही उरलं असेल तर नवे पासवर्डही त्याच वाटेने चोराकडे जातील.

रेडलाइन, लुमा या जातीचे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम मशिन बंद पाडत नाहीत, खंडणी मागत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करून बघता बघता पाठवून देतात. काही तर काम झालं की स्वतःला पुसून टाकतात, म्हणून स्कॅन स्वच्छ आलं तरी विसंबू नये. आणि ओटीपी आला नाही म्हणजे वाचलो, असंही नाही. कुकी ही लॉगिन झाल्याची पावती. ती दाखवली की बऱ्याच साइट ना पासवर्ड विचारतात, ना ओटीपी. क्रोमने 2024 मध्ये कुकीजचं कुलूप पक्कं केलं, पण चोरांनी त्यातूनही पळवाटा काढल्या.

आधी नेटची वायर काढ, वायफाय बंद कर. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन लावलेलं असेल तर तेही काढ. मग दुसऱ्या, स्वच्छ मशिनवरून सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीच्या खात्यांच्या 'पासवर्ड विसरलात' लिंका तिथेच येतात. पासवर्ड बदलून 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' कर, नाहीतर चोरलेली पावती चालूच राहते. रिकव्हरी नंबर आणि ईमेल फॉरवर्डिंग बघ. तिथे परका पत्ता घुसवलेला असू शकतो. त्यानंतर बँक, मग क्लायंटचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे लॉगिन. साहेबांना आजच सांग, लपवू नकोस. पैसे गेलेले दिसले तर लगेच बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

हे आत आलं कुठून, तेही शोध. 'मी रोबोट नाही' म्हणत विंडोज आणि आर ही बटणं, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला कुणी सांगितलं होतं का? खरा कॅप्चा असलं कधीच सांगत नाही. तिथे चोराचा हुकूम तुझ्याच हाताने चालतो. की फुकटच्या सॉफ्टवेअरची झिप उघडली? तिला पासवर्ड लावतात तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून.

मशिन पोवई नाक्यावर दुरुस्तीला देणार असशील तर 'नुसतं क्लीन नको, डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका' असं स्पष्ट सांग. त्याआधी एक्सेल, पीडीएफ आणि टॅलीचा डेटा तेवढा काढून घे. सेटअपच्या फायली मुळीच नकोत. नव्या क्रोममध्ये सिंक, म्हणजे जुनं सगळं आपोआप परत आणणारी सोय, लगेच चालू करू नकोस, जुनं खराब एक्स्टेंशन त्याच वाटेने परत येतं.

तुझी,
आई