प्रश्न फुकट प्रतीचा नाही

संपादक महोदय,

‘गेम फुकट मिळाला नाही की समीक्षकांची ओरड सुरू’ असं एका वाचकाने आपल्या स्तंभात लिहिलं आहे. नोकरी सांभाळून नऊ वर्षं गेमची परीक्षणं लिहिणारा मी, म्हणजे टोला मलाच आहे. निम्मा मान्यही आहे. कंपनीने मला रिव्ह्यू कोड (परीक्षणासाठी गेम फुकट उघडून देणारी अक्षरं) द्यावा असा कुठे कायदा नाही आणि नसावाही.

पण त्याच गेमची प्रीऑर्डर महिनोन्‌महिने आधी सुरू असते. गिऱ्हाइकाचे पैसे आगाऊ चालतात, परीक्षण मात्र आगाऊ चालत नाही. माझी तक्रार एवढीच.

एका मोठ्या गेमचा कोड मला प्रकाशनाच्या आदल्या संध्याकाळी आला. तीस तासांचा गेम. रात्री साडेतीनला तिसऱ्या प्रकरणात नायक जिन्यात कंबरेपर्यंत रुतला तो रुतलाच. वर ऑटोसेव्हही, म्हणजे गेमने आपोआप जतन केलेली जागाही, नेमकी तिथलीच. पुन्हा पहिल्यापासून. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळतात म्हणावं, तर अट चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असण्याची. तो जिना आठव्या तासाला येतो! मी दहापैकी पाच गुण दिले. त्या कंपनीच्या पुढच्या तीन गेमचे कोड आलेच नाहीत. विचारलं तर उत्तर, ‘या वेळी प्रती मर्यादित आहेत.’ पंधरा-वीस अक्षरांचा कोड, त्याच्या म्हणे प्रती मर्यादित.

माझ्यासारख्या किरकोळ माणसाचं सोडा. बातम्या फोडल्यामुळे बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या गेम कंपन्यांनी आपल्याला वाळीत टाकलं, असं ‘कोटाकू’ या गेमविषयक संकेतस्थळाने 2015 मध्ये उघडपणे लिहिलं होतं.

कोड अडवला म्हणजे गेम टाकाऊच, असंही नाही. 2016 चा ‘डूम’ समीक्षकांना आधी मिळाला नव्हता आणि तो उत्तम निघाला. त्यावरून धीर येऊन बेथेस्डाने त्याच वर्षी जाहीर केलं की यापुढे कोड फक्त एक दिवस आधी मिळतील.

मला जास्त भीती वाटते ती अर्धवट देण्याची. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती, आणि व्हिडिओत स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायची नाहीत, कंपनीने दिलेलीच वापरायची, अशी अट होती. परीक्षणं झकास आली. तोवर प्रीऑर्डर 80 लाखांवर गेल्या होत्या. मग पीएस4 आणि एक्सबॉक्स वन या गेमयंत्रांवाल्यांनी गेम सुरू केला आणि काय विकत घेतलंय ते त्यांना कळलं. जेमतेम आठवड्याने पीएस4 बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. समीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांनी खेळलेला गेम वेगळाच होता, इतकंच.

कंपन्या माझं ऐकणार नाहीत. आपण मात्र एक करू शकता. प्रत्येक गेम-परीक्षणाखाली एक ओळ छापा: कोणत्या यंत्रावर खेळला, किती तास, कोड कधी आला आणि पैसे कुणी भरले. कोड आलाच नसेल तर तेही छापा, कंपनीच्या नावासकट.

आपला,
एक गेम-समीक्षक