डाव्या हाताला काय आहे, तेही छापा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील ‘मच्छीमारांच्या वाटे’विषयीचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. लेख मात्र उजव्या हाताचा आहे. ही वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे चालायला घेतली की उजवीकडे अटलांटिक राहतो आणि डावीकडे जमीन. लेखकाने शेवटपर्यंत मान डावीकडे वळवलेली दिसत नाही.

मी आणि माझी धाकटी बहीण गेल्या वसंतात ही वाट चाललो. सगळी नाही, पोर्तु कोवुपासून ओदेसैशपर्यंतची. सारी नोकरी भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे दोन्ही बाजूंना बघायची खोड आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक किरकोळ तक्रार. लेखात या वाटेला ‘समुद्रकाठची निवांत फेरी’ म्हटले आहे. पोर्तु कोवु ते विला नोवा द मिल्फोंतेश हा टप्पा २० किलोमीटरचा आहे आणि त्यातला बराचसा भाग भुसभुशीत वाळूतून जातो. भरतीच्या पाण्याने घट्ट झालेली ओली वाळू वेगळी, ही वेगळी. कड्यांच्या माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या टेकड्यांची ही कोरडी वाळू. पाऊल टाकले की निम्मे मागे सरकते, आणि तासाभरात बुटांत इतकी वाळू साठते की बोटांना जागा उरत नाही. बहिणीने दुपारपर्यंत तीनदा बसून बूट झटकले आणि चौथ्यांदा बसली तेव्हा माझ्याशी बोलणे बंद केले. सपाट नकाशावर २० किलोमीटर दिसले तरी अंगाला ते तीसच्या घरात लागतात. घोट्यापर्यंत उंच, वरून कापडी झाकण लावता येईल असे बूट घ्या, एवढे एक वाक्य लेखात असते तर वाचकांचे भले झाले असते.

दुसरी तक्रार जरा मोठी. ‘रानफुलांचा गालिचा’ या ओळीखाली आपण जे छायाचित्र छापले आहे, ती जाड मांसल पानांची, पिवळ्या-गुलाबी फुलांची वनस्पती तिथली नव्हेच. ती दक्षिण आफ्रिकेतली. वाळू धरून ठेवण्यासाठी माणसांनी आणून लावली आणि आता ती स्थानिक झुडपांना गिळत चालली आहे. तिथे लोक ती हाताने उपटून काढतात, आणि आपण तिला पान तीनवर मानाची जागा दिली.

आता मुद्द्याचे. अल्मोग्राव ते झांबुजेरा हा २२ किलोमीटरचा टप्पा लेखात फार छान उतरला आहे: काळ्या-करड्या खडकांच्या दुमडलेल्या घड्या, काबु सार्दाँवचा दीपस्तंभ, आणि समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी करणारे पांढरे करकोचे. करकोच्यांविषयी लिहिले ते खरे आहे. जगभर हा पक्षी धुरांडी, खांब, झाडे धरून राहतो. लाटा आदळणाऱ्या कड्यांवर तो संसार मांडतो तो इथेच. आम्ही एका घरट्यासमोर बराच वेळ बसलो. मादी पिलांवर पंख धरून उभी होती, वारा तिला ढकलत होता आणि ती एक पाय जरासा हलवून पुन्हा तोल सावरत होती. (दीपस्तंभाची गंमत मात्र लेखकाच्या नजरेतून सुटली. त्याचा मनोरा इमारतीच्या समुद्राकडच्या अंगाला नाही, जमिनीकडच्या अंगाला आहे. आराखडा उलटा धरून बांधला, असे तिथले लोक हसत सांगतात.)

पण याच टप्प्यावर काही ठिकाणी डावीकडे, वाटेपासून हाकेच्या अंतरावर, प्लास्टिक सुरू होते. पांढऱ्या प्लास्टिकचे लांबच लांब बोगदे, त्यांच्यामध्ये चिखलाचे रस्ते, बाहेर ओळीने लावलेल्या सायकली. आत रास्पबेरी आणि तत्सम फळे. लिस्बनच्या हॉटेलात आम्ही नाश्त्याला खाल्ली ती कदाचित इथलीच. हे प्लास्टिक चोरून घुसलेले नाही. मीरा नदीवर सांता क्लारा इथे १९६०च्या दशकात धरण बांधले, कालवे काढले आणि हा पट्टा ओलिताखाली आणला. हा किनारा संरक्षित नैसर्गिक उद्यान झाला तो नंतर, १९९५ मध्ये, आणि ओलिताची जमीन उद्यानाच्या हद्दीत आली. समुद्रामुळे इथे हिवाळ्यात दहिवर पडून पीक जळत नाही, ऊन भरपूर. उत्तर युरोपात बर्फ असताना इथे फळ धरते. भूगोलाच्या पुस्तकात घालावा असा धडा आहे हा.

आणि ती फळे तोडतात आपल्याकडची माणसे. नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी. झांबुजेराच्या अलीकडे एका कुंपणाशी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा पंक्चर झालेली सायकल ढकलत एक मुलगा आला. विशीतला, पंजाबचा. आमच्या पाठीवरच्या पिशव्या, हातातल्या काठ्या, वाळूने माखलेले बूट त्याने निरखून पाहिले आणि विचारले, “आंटी, बस नहीं मिली क्या?” आम्ही हौसेने चालतोय हे त्याला पटवायला वेळ लागला. मग तो मोकळा झाला. एका घरात किती जण राहतात ते त्याने सांगितले नाही, पण खाट भाड्याने मिळते, खोली नव्हे, हे सांगितले. पगार किमान वेतनाचा (२०२५ मध्ये पोर्तुगालमध्ये ते महिना ८७० युरो होते), त्यातून खाटेचे भाडे, गावाकडचे कर्ज. करकोचे पाहिलेस का, असे बहिणीने विचारले. करकोच्याचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, रविवारी काढलेला. घरी पाठवला तर आई म्हणाली, हा पक्षी आपल्याकडेही येतो की.

हे सगळे उघड्यावर आले ते २०२१ च्या एप्रिलअखेर. करोनाचे रुग्ण वाढले म्हणून ओदेमिरा तालुक्यातल्या साओ तेओतोनियु आणि लोंगेरा-अल्मोग्राव या दोन गावांची नाकेबंदी झाली, आणि मजूर किती दाटीवाटीने राहतात ते साऱ्या पोर्तुगालने टीव्हीवर पाहिले. काहींना हलवायला सरकारला सुटीच्या घरांचे एक संकुल ताब्यात घ्यावे लागले. त्याआधी २०१९ मध्येच शेतांवर मजुरांसाठी तात्पुरती घरे उभारायला परवानगी देणारा निर्णय झाला होता. म्हणजे प्रश्न कुणाला माहीत नव्हता असे नाही.

माझे म्हणणे एवढेच की, प्रवासवर्णनात हे बसत नाही असे समजू नका. ही वाट ज्याचा भाग आहे ते ‘रोता विसेंतिना’ हे वाटांचे जाळे २०१२ मध्ये खुले झाले तेच मुळी उन्हाळ्याच्या गर्दीपलीकडेही पाहुणे यावेत, गावातल्या खानावळींना आणि खोल्यांना वर्षभर काम मिळावे म्हणून. चालणारा तिथे फक्त डोळे घेऊन जात नाही, पाणीही पितो. ते पाणी, धरणाची पातळी, शेतीला किती आणि गावाला किती, यावर मिल्फोंतेशच्या खानावळीत आमच्या शेजारच्या टेबलावर चांगली खडाजंगी चालली होती. आम्हांला पोर्तुगीज येत नाही, पण ‘आग्वा’ (म्हणजे पाणी) आणि ‘सांता क्लारा’ कळत होते आणि टेबलावर आपटलेली मूठही. मालकीणबाईंनी मधे येऊन माशाचे ताट ठेवले आणि वाद तेवढ्यापुरता थांबला.

मराठी वाचक आता अशा वाटांवर जाऊ लागला आहे. त्याला कडे आणि करकोचे दाखवाच, पण त्याच वाटेवर त्याला हिंदीत हाक मारणारा कुणी भेटेल आणि तो तिथे का आहे, हे आधी सांगितले तर तो निदान नीट बोलेल. आमच्या पुढे चालणाऱ्या एका जोडप्याने त्या मुलाला पाहून मोबाइल काढला आणि न विचारता फोटो घेतला. ते कुठले होते ते लिहीत नाही.

जाणाऱ्यांसाठी, लेखातून राहून गेलेले थोडे: जुलै-ऑगस्ट टाळा, सप्टेंबर ते जून हा चालण्याचा काळ. हिरव्या-निळ्या पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, त्याच पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर असल्या की मागे फिरा. लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तर ती आतल्या बाजूची ‘ऐतिहासिक वाट’. कड्याच्या कडेला फोटोसाठी जाऊ नका, माती खालून पोखरलेली असते. उद्यानात उघड्यावर तंबू ठोकायला बंदी आहे. आणि मिल्फोंतेशला मीरा ओलांडायची होडी हंगामातच चालते. ती नसेल तर पुलावरून जायचे, आणि त्या दिवशीचा टप्पा तेवढा वाढतो हे धरूनच सकाळी निघावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका