चॅसीसाठी पत्रा हवाय, आणि तो वाकवणारे हातही

सप्रेम नमस्कार.

रोबोट गटाचं आवाहन म्हणजे दरवर्षीचं रडगाणं, असं काहीजण म्हणतात. म्हणोत. नवी चॅसी, म्हणजे रोबोटचा सांगाडा, तीन आठवड्यांत उभी करायची आहे आणि पत्र्याचा पत्ता नाही, म्हणून घाईत लिहितेय.

आधी ऋणनिर्देश. आपली पहिली चॅसी प्लायवूडची होती, आठवत असेल. दुसरी पत्र्याची झाली ती टूलरूममधून निवृत्त झालेल्या आपल्या काकांमुळे. स्वतःचं हाताने चालवायचं बेंडिंग मशिन त्यांनी गटाला दिलंच, वर सहा शनिवार पोरांना शेजारी उभं करून शिकवलं. ९० अंश हवेत तर ९२ पर्यंत दाबा, कारण सोडला की पत्रा जरा उलगडतोच. घडी रोलिंगच्या (कारखान्यात पत्रा लाटताना उमटलेल्या) रेषांना आडवी घाला, समांतर घातलीत तर तडा जायची भीती. पोरं अजूनही पत्रा उजेडात तिरका धरून आधी त्या रेषा शोधतात. वकीलकाकूंनी दोन वर्षं गॅरेज दिलं, स्वतःची गाडी उन्हात ठेवून. आणि कटिंगमधून उरलेले तुकडे ज्यांनी पोतं भरून आणून दिले, त्यांतून मागच्या रोबोटचे सगळे ब्रॅकेट निघाले. नाव लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय.

गेल्या वर्षीची फजिती लपवत नाही. बाजूचं चॅनेल (यू आकारात वाकवलेला पत्रा) बाहेरून २०० मिमी, दोन्हीकडे ५० च्या फ्लँज, म्हणजे दुमडलेल्या कडा. सरळ बेरीज करून ३०० चा पत्रा कापला. पत्रा २ मिमी, घडीची आतली त्रिज्याही २. अशा ९० अंशांच्या दर घडीमागे साधारण साडेतीन मिमी वजा करायचे असतात. हवा होता २९३ चा. ड्रॉइंग करणारी मीच. त्यात बेअरिंगची भोकं घडीला इतकी चिकटून घेतली की वाकवताना त्यांची अंडी झाली. किमान ७ मिमी अंतर सोडायला हवं होतं. मग रात्रभर कानस.

त्या वेळी मदतीचा निरोप टाकला तर ग्रुपवर चाळीस अंगठे उमटले. शनिवारी आले दोघं, त्यातला एक चुकून. असो.

हवंय ते असं: ५०५२ प्रतीचं (सहज वाकणारं) २ मिमी ॲल्युमिनियम, दोन चौरस मीटर (जेमतेम ११ किलो, पोलाद घेतलं तर ३१ च्या वर जाईल), मोठे तुकडेही चालतील. ६०६१-टी६ ही दुसरी प्रत कृपया नको, मजबूत असलं तरी घट्ट घडीत तडकतं. लांब बाजू काकांच्या मशिनला झेपत नाहीत, म्हणून १६ मिमी व्ही-डाय (पत्रा दाबायचा व्ही आकाराचा साचा) असलेल्या प्रेस ब्रेकवर, म्हणजे वाकवायच्या मोठ्या यंत्रावर, अर्धा दिवस. लेझर कटिंग, डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल तयार आहे. ४.८ मिमीचे रिव्हेट. आणि कापण्याआधी माझा उलगडा (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याची मापं) तपासणारी एक अनुभवी नजर, ही सर्वांत आधी. पत्रा येत्या शुक्रवारपर्यंत, रोख देणगी खजिनदारांकडे, पावती मिळेल. नंबर सगळ्यांकडे आहेतच.

आपली,
सचिव

ता. क. काकांच्या मशिनचा दांडा सैल झालाय. कुणी वेल्डिंग करून देणार असेल तर काकांना कळायच्या आत द्या.